दादाचे विमान

आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी माजी विद्यार्थी म्हणून काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळातल्या मुलामुलींचा आग्रह झाला, तेव्हा मी सावधपणे विचारले, "विषय कोणता?"

"कोणताही, सर. तुमचा एखादा छंद असेल तर त्यावर लिहा."

मी म्हणालो, "मला विमानांचे फोटो काढण्याचा छंद आहे."

मुले एकमेकांकडे पाहू लागली. चौतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला छंद असावा तो जुन्या पोथ्यांचा, फार तर बागकामाचा. पासष्टी उलटलेल्या गृहस्थाने गळ्यात कॅमेरा अडकवून विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभे राहावे हे त्यांच्या चेहऱ्यावरून तरी फारसे शोभणारे दिसत नव्हते. त्यांचा दोष नाही. माझ्या घरातही या छंदाला प्रतिष्ठा नाही. "प्रवासाला जायचं नाही, कुणाला आणायचं नाही, मग विमानतळाकडे जायचं कशाला?" हा प्रश्न आमच्याकडे गेली चाळीस वर्षे अधूनमधून विचारला जातो आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही. या लेखात सापडले तर पाहतो.

आधी छंद म्हणजे काय ते सांगायला हवे. विमान दिसले की लहान मूल हात हलवते. आम्ही मोठेपणीही तेच करतो, फक्त हातात वही आणि कॅमेरा असतो. विमान कोणत्या कंपनीचे, कोणत्या बनावटीचे आणि मुख्य म्हणजे त्याचा नोंदणी क्रमांक कोणता, हे टिपायचे. मोटारीला जसा नंबर तसा विमानाला. भारतीय विमानांची अक्षरे 'व्हीटी'ने सुरू होतात. ही दोन अक्षरे इंग्रजांच्या राज्यात मिळाली ती आजतागायत चालू आहेत. त्यांच्यापुढे आणखी तीन अक्षरे, आणि ती पाच मिळून त्या एका विमानाची ओळख. एकाच कारखान्यातून निघालेली, एकाच रंगाची दहा विमाने ओळीने उभी असली तर सामान्य माणसाला ती दहा भाऊ दिसतात. आम्हांला त्यांची नावे ठाऊक असतात, एवढाच फरक.

मला हा नाद लागला तो आपल्याच कॉलेजात. १९७७ साली मी प्रथम वर्ष कलाशाखेत दाखल झालो. तेव्हाच्या पार्ल्याची दोन वैशिष्ट्ये होती. एक म्हणजे पूर्वेकडच्या कारखान्यातून येणारा बिस्किटांचा खमंग वास, आणि दुसरे विमानांचा आवाज. वर्गात सर शिकवत असत, आणि वाक्य ऐन रंगात आले की डोक्यावरून विमान जाई. सर खडू हातात धरून थांबत. विमान समुद्राच्या दिशेने गेले की जिथे सोडले होते तिथून ते वाक्य बिनचूक पुढे चालू होई. आमच्या वर्गात काही विद्वान असे होते की त्या अर्ध्या मिनिटात त्यांची झोप पुरी होत असे. माझे मात्र कान टवकारलेले असत. डोके वर न करता आवाजावरून विमान ओळखायचे, हा माझा खेळ. फॉकर फ्रेंडशिपची घरघर वेगळी, शेपटीशी दोन इंजिने असलेल्या कॅरव्हेलची किंकाळी वेगळी, आणि जंबो जेटचा तो खर्जातला, खिडक्यांची तावदाने हलवणारा घनगंभीर सूर तर कुणीही ओळखावा.

जंबोचे त्या वेळी मोठे अप्रूप होते. एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७ मुंबईत आले ते १९७१ च्या एप्रिलमध्ये. त्याचे नाव 'सम्राट अशोक', क्रमांक व्हीटी-ईबीडी. त्याआधीच्या ७०७ विमानांना हिमालयातल्या शिखरांची नावे होती, नंदादेवी, गौरीशंकर, अन्नपूर्णा. जंबोंना सम्राटांची नावे दिली : अशोक, शहाजहान, राजेंद्र चोळ, विक्रमादित्य. प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात राजवाड्याच्या झरोक्याची महिरप काढलेली असे. त्या झरोक्यांतून खाली पाहत कोणी राजे-महाराजे जात असतील, असे आम्हां चाळीतल्या मुलांना वाटे. प्रत्यक्षात त्यांतून जात होते आमच्याच चाळीतले फिटर आणि वेल्डर, हे पुढे कळले.

त्या वेळी सांताक्रूझच्या विमानतळावर प्रेक्षकांसाठी सज्जा होता. तिकीट काढून वर जायचे आणि कठड्याला रेलून विमाने पाहायची. रविवारी तिथे जत्रा असे. खेड्यातून आलेल्या पाहुण्यांना राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि विमानतळ दाखवल्याशिवाय मुंबई दाखवली असे होत नसे. मी तिथे वही घेऊन बसे. एके दिवशी मात्र मला दुर्बुद्धी झाली आणि मी मामाचा आग्फा क्लिक-थ्री कॅमेरा पिशवीतून नेला.

नियम मला माहीत नव्हता असे नाही. विमानविषयक नियम १९३७ सालचे. त्यांतला तेरावा नियम असा की सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून लेखी परवानगीखेरीज फोटो काढू नये. पण सोळा-सतराव्या वर्षी नियम हे दुसऱ्यांसाठी असतात. मी चार फोटो काढले, पाचव्याला खांद्यावर हात पडला. मागे एक खाकी कपड्यातले गृहस्थ उभे होते. त्यांनी कॅमेरा घेतला, सराईतपणे मागचे झाकण उघडले आणि गुंडाळीतली फिल्म कपड्याच्या ठाणासारखी उन्हात उलगडून दाखवली. आत मामाच्या मुलीच्या बारशाचेही तीन फोटो होते. माझ्या डोळ्यांत पाणी आले ते विमानांसाठी की मामाच्या भीतीने, हे आज सांगता येणार नाही.

ते गृहस्थ मनाने वाईट नव्हते. त्यांनी मला खाली नेले, चहा पाजला आणि माझी वही चाळली. पानापानांवर नंबर, तारखा, वेळा. म्हणाले, "काय रे पोरा, हे कशासाठी लिहितोस?"

"असंच. कोणतं विमान केव्हा आलं ते."

"पगार देतं का कुणी?"

"नाही."

त्यांनी वही परत दिली. "वही ठेव. डोळ्यांनी बघायला आणि हातानं लिहायला कुणी मना केलेली नाही. कॅमेरा मात्र परत आणू नको."

पुढे पुष्कळ वर्षांनी, २००१ च्या नोव्हेंबरात, ग्रीसमध्ये कालामाता येथल्या लष्करी तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच शौकिनांना हेरगिरीच्या संशयावरून पकडले. नंबर टिपण्यासाठी माणसे एवढ्या लांबून येतात हे तिथल्या अधिकाऱ्यांना पटेना. २००२ साली खालच्या न्यायालयाने शिक्षा सुनावल्या आणि त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने सगळ्यांना सोडून दिले. ती बातमी वाचताना मला आमच्या सज्जातल्या खाकी गृहस्थांची आठवण झाली. "पगार देतं का कुणी?" हा प्रश्न जगात सगळीकडे सारखाच विचारला जातो म्हणायचा!

मी सज्जात कॅमेरा पुन्हा नेला नाही. पण कॅमेराही सोडला नाही. मुंबईच्या विमानतळाची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वारा वर्षातला बराचसा काळ समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. आणि विमानाला उतरताना काय, उडताना काय, समोरचा वारा हवा असतो. म्हणून बहुतेक विमाने घाटकोपर-कुर्ल्यावरून येऊन उतरतात आणि जुहूच्या बाजूने समुद्रावर निघून जातात. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या जरीमरीला उभे राहिले तर उतरणारे विमान इतके खाली येते की चाके मोजता येतात. सरकारी विमानतळाची हद्द कुठे संपते आणि सार्वजनिक रस्ता कुठे सुरू होतो, याबाबत मी अज्ञानात सुख मानून घेतले.

आग्फा क्लिक म्हणजे गरिबाचा कॅमेरा. एका गुंडाळीत बारा चौकोनी फोटो. मागे एक तांबडी खिडकी, तिच्यात आकडा दिसेपर्यंत चक्री फिरवायची. ऊन असेल तर सूर्याच्या खुणेवर काटा, नसेल तर ढगाच्या. पडदा एवढा सावकाश उघडे-मिटे की तेवढ्यात विमान पुढे सरकलेले असे आणि फोटोत नुसता पांढरा फराटा उमटे. पहिल्या दोन गुंडाळ्यांत मी चोवीस फराटे काढले. मग हळूहळू युक्ती कळली. विमान लांब असतानाच ते कॅमेऱ्यात धरायचे, पाय घट्ट रोवायचे आणि कंबरेतून विमानाबरोबर वळत जायचे, जात्याचा खुंटा फिरावा तसे. वळता वळताच कळ दाबायची आणि दाबल्यावरही वळणे थांबवायचे नाही. विमान स्पष्ट येते, पुसट होतात ती मागची घरे. ऊनही पाहावे लागते. दुपारी डांबर तापले की हवा थरथरते आणि विमान पाण्यातून पाहिल्यासारखे दिसते. म्हणून सकाळ बरी. धावपट्टीच्या दक्षिणेच्या अंगाला उभे राहिले की हिवाळ्यातले कोवळे ऊन आपल्या पाठीशी आणि विमानाच्या अंगावर येते. हे मला कुणी शिकवले नाही. वाया गेलेल्या प्रत्येक फोटोमागे आईने काटकसरीने दिलेले पैसे होते, त्यांनी शिकवले.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

वडील लवकर गेले होते. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आयटीआय करून तो एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. त्या वर्षांत आखाताकडे माणसांची रीघ लागली होती. दादानेही कागदपत्रे केली, आणि १९७७ च्या नोव्हेंबरात त्याचे दुबईचे तिकीट आले. रात्रीचे विमान होते. आईने त्याच्या बॅगेत मेतकूट, लिंबाचे लोणचे आणि गावच्या देवीचा अंगारा घातला. विमानतळावर ती काही बोलली नाही. दादा दाराआड गेल्यावर तिने एवढेच विचारले, "कुठल्या विमानात बसेल रे तो?"

मी तिला सज्जावर घेऊन गेलो. दिव्यांच्या उजेडात जंबो उभे होते. झरोक्यांच्या रांगेतून पिवळा प्रकाश येत होता. मी शेपटीकडची अक्षरे वाचली आणि सवयीने वहीत लिहिली : व्हीटी-ईबीडी, सम्राट अशोक, दुबई. पुढच्या रकान्यात 'दादा' असे लिहिले. माझ्या वहीत माणसाचे नाव आले ते पहिल्यांदाच. विमान हलले, अंधारात गेले, आवाज मोठा झाला, मग लहान झाला. आई दिवा दिसेनासा होईपर्यंत उभी होती.

नऊ दिवसांनी सकाळी मी कॉलेजला दांडी मारून जरीमरीला गेलो होतो. पूर्वेकडून एक जंबो खाली येत होते. मी कंबरेतून वळू लागलो. ऊन नेमके त्याच्या डाव्या कुशीवर पडले होते. कळ दाबली, विमान डोक्यावरून पुढे गेले, घासलेटाचा वास खाली उतरला आणि मागच्या बाजूची अक्षरे दिसली : ईबीडी. दादाचे विमान परत आले होते. दादा आला नव्हता. एरवी विमान ही वस्तू मला कधी दुःखी वाटली नव्हती. त्या सकाळी पहिल्यांदा समजले की विमान परत येते ते रिकाम्या हातांनी. कुणाला कुठे सोडले ते त्याला सांगता येत नाही.

तो फोटो चांगला आला. आजवर मी काढलेल्या हजारो फोटोंत इतका चांगला फोटो दुसरा नसेल. पार्ल्यातल्या स्टुडिओत पोस्टकार्डाएवढा मोठा करून घेतला. मागे माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात शाईने लिहिले : 'सम्राट अशोक, व्हीटी-ईबीडी. दादा याच विमानाने गेला.' आईला दिला. तिने तो पदराने पुसला, बराच वेळ पाहिला आणि देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर लावला. नव्या गाडीला लावतात तसे फोटोच्या कोपऱ्यावर कुंकवाचे बोट टेकले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगे, "हे आमच्या दादाचं विमान. धाकट्यानं काढलाय फोटो." माझ्या छंदाला आयुष्यात मिळालेला हा एकमेव पुरस्कार.

१ जानेवारी १९७८ हा रविवार होता. त्या रात्री नऊच्या सुमारास वांद्र्याच्या समुद्रात विमान पडले. दुबईला निघालेले जंबो. विमानात २१३ माणसे होती, एकही वाचले नाही. उड्डाणाला दोन मिनिटेही झाली नव्हती. चौकशीतून जे बाहेर आले ते थोडक्यात असे : विमान कोणत्या कुशीवर कललेले आहे हे दाखवणारे वैमानिकासमोरचे उपकरण बिघडले. वळण संपून विमान सरळ झाले तरी ते उजवीकडेच कललेले दाखवत राहिले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, मध्ये क्षितिजाची रेघ नाही. उपकरणावर विसंबून विमान डावीकडे वळवले गेले, ते कलत कलत पाण्यात गेले. दिवसाउजेडी डोळ्यांना क्षितिज दिसले असते!

ते विमान 'सम्राट अशोक' होते, हे मला रात्रीच चाळीत कळले. आईला सकाळी वर्तमानपत्रातून. दादा दीड महिन्यापूर्वीच सुखरूप पोचला होता, त्याचे पत्र आले होते. तेव्हा आमच्या घराला तसे काहीच झाले नव्हते. हे मी पुन्हापुन्हा स्वतःला सांगत होतो. आई मराठी चौथीपर्यंत शिकलेली. तिने बातमी बोट ठेवून वाचली, भिंतीकडे पाहिले आणि मला विचारले,

"हेच का रे ते?"

मी म्हणालो, "नाही गं. ते दुसरं. त्यांच्याकडे अशी पुष्कळ आहेत."

आई उठली. भिंतीवरचा फोटो काढला, उलटा केला आणि मागचे माझे सुंदर अक्षर वाचले. ते लिहिल्याचे मी विसरून गेलो होतो. तिने माझ्याकडे पाहिले नाही. रागावली नाही, रडलीही नाही. फोटो पदराखाली घेऊन आतल्या खोलीत गेली. ट्रंकेची कडी वाजली. बाहेर आली तेव्हा हात रिकामे होते, आणि ती चूल पेटवायला बसली. त्या विषयावर आम्ही दोघे पुन्हा कधीही बोललो नाही. भिंतीवर चौकोनी फिका डाग उरला, तो पुढच्या दिवाळीला रंग दिल्यावर गेला.

मी काही महिने वही उघडली नाही. माणसांचे प्राण जातात तिथे नंबर कसले टिपायचे, असे वाटे. मग एके दिवशी ती उघडली, आणि ईबीडीच्या सगळ्या नोंदी शोधून काढल्या. अकरा होत्या. शेवटच्या ओळीखाली मी एक आडवी रेघ मारली. वर्तमानपत्रातल्या माझ्या परीने २१३ हा आकडा होता. आकड्याला चेहरा नसतो. पण ईबीडी मला ठाऊक होते. ते कोणत्या सकाळी उन्हात कसे दिसले, त्याच्या झरोक्यातून पिवळा उजेड कसा आला, हे मी पाहिले होते. म्हणून त्यातल्या अनोळखी माणसांसाठीही माझ्या घशाशी काहीतरी दाटले. नुसते 'एक विमान' पडले असते तर दाटले असते का, याची मला शंका आहे. १९८५ च्या जूनमध्ये 'कनिष्क' आयर्लंडजवळच्या समुद्रावर घातपाताने नष्ट झाले आणि ३२९ माणसे गेली, तेव्हा व्हीटी-ईएफओखाली मी दुसरी रेघ मारली. देवाच्या दयेने माझ्या वह्यांतल्या बाकीच्या बहुतेक विमानांना साधे म्हातारपण लाभले.

दादा सोळा वर्षे दुबईत राहिला. दर दोन वर्षांनी येई आणि जाई. आई विमानतळावर जायची, पण सज्जावर कधी आली नाही. "कुठल्या विमानात बसेल?" हा प्रश्नही तिने पुन्हा विचारला नाही. तो १९९३ मध्ये कायमचा परतला आणि दापोलीजवळ गावच्या घरी राहू लागला. आई १९९९ साली गेली. तिची ट्रंक आम्ही दोघा भावांनी उघडली. दादाची सगळी पत्रे सुतळीने बांधून ठेवलेली होती, आणि त्या गठ्ठ्याच्या मधोमध तो फोटो होता. तिला तो भिंतीवर ठेवता आला नव्हता आणि टाकूनही देता आला नव्हता. कोपऱ्यावरचे कुंकू तिने पुसलेले नव्हते. ते तपकिरी होऊन कागदात मुरले होते. दादाने फोटो पाहिला, मागचे वाचले आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. मीही काही बोललो नाही. आमच्या घरात न बोलण्याची जुनी परंपरा आहे.

आता दिवस फार बदलले. विमानतळावर ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा असलेला फोन असतो आणि आत शिरल्यापासून सुटेपर्यंत फोटोच फोटो चाललेले असतात. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आणि गोव्याचे दाबोळी नौदलाचे, तिथे मात्र कॅमेरा आजही पिशवीत राहिलेला बरा. माझ्याकडेही फोर्टातल्या बोरा बझारातून घेतलेला कॅमेरा आहे. एका दमात शंभर फोटो काढतो, पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागात मिटतो. पंख्याचे विमान त्यात टिपले तर पंख्याची पाती हवेत थिजल्यासारखी दिसतात आणि आता ते पडणार असे वाटते; तेवढ्यापुरता मी वेग मुद्दाम कमी करतो आणि पुन्हा कंबरेतून वळतो. डोक्यावरचे विमान कुठून आले ते फोनवरच्या नकाशात बघता येते. माझ्याबरोबर कुंपणाशी उभी राहणारी कॉलेजची मुले भारी भिंगे घेऊन येतात, आणि त्यांतल्या एक-दोघांजवळ वहीही असते. त्यांना मी चहा पाजतो. ते जुने कर्ज आहे.

बोइंगने जंबो बांधणे थांबवले. एकूण १५७४ बांधली. शेवटचे २०२२ च्या डिसेंबरात कारखान्याबाहेर आले. एअर इंडियाजवळची उरलेली मुंबईतच उभी होती. २२ एप्रिल २०२४ रोजी त्यांतले व्हीटी-ईव्हीए, नाव 'आग्रा', मोडीत काढण्यासाठी अमेरिकेकडे निघणार असे कळले, तेव्हा मी पार्ल्यातल्या एका मित्राच्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन बसलो. पावणेअकराच्या सुमारास तो खर्जातला सूर आला. तावदाने हलली की नाही ते ठाऊक नाही, मी हललो. विमान वर चढले आणि वैमानिकाने आधी एक पंख खाली झुकवला, मग दुसरा. नमस्कार केल्यासारखे. १९७१ साली मुंबईत आलेल्या जंबोंच्या घराण्याने असा निरोप घेतला. मी बाराच फोटो काढले. जास्त काढता आले असते. पण क्लिक-थ्रीच्या गुंडाळीत बाराच असत.

त्या संध्याकाळी दापोलीहून दादाचा फोन आला. त्याने दूरदर्शनवर पंख हलवणारे विमान पाहिले होते. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर मी एकदम म्हणालो, "दादा, सेहेचाळीस वर्षांपूर्वी मी आईशी खोटं बोललो होतो. तू गेलास ते विमान पडलंच नाही, दुसरं पडलं, असं मी तिला सांगितलं."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग दादा म्हणाला, "अरे बाळू, मलाही तिनं पत्रात विचारलं होतं. 'तू बसला होतास ते हेच का?' मला विमानाचं नाव कुठलं माहीत! पण विचारतेय म्हणजे काहीतरी असणार. मी कळवून टाकलं, नाही, ते दुसरं."

"मग?"

"मग काही नाही. पुढच्या पत्रात लोणचं कसं झालं होतं ते विचारलं."

आम्ही दोघेही हसलो. म्हातारपणी हसता हसता डोळे पुसावे लागतात, तसे पुसले. दोन मुलगे दोन देशांतून एकच खोटे बोलले, आणि खरे काय ते जाणणारी बाई दोघांचे ऐकून घेऊन स्वयंपाकाला लागली.

दुसऱ्या दिवशी मी ईव्हीएची नोंद केली. शेवटची ओळ लिहिली आणि खाली रेघ मारली. साधी, म्हातारपणाची रेघ. मग तो जुना फोटो काढून दिवाणखान्याच्या भिंतीवर लावला. नातीने विचारले, "आजोबा, हे कुठलं विमान?"

मी तिला नाव सांगितले, नंबर सांगितला, त्याचे पुढे काय झाले तेही सगळे सांगितले. तिने फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "आणि हा डाग कसला?"

"तो डाग नाही," मी म्हणालो. "ते तुझ्या पणजीचं कुंकू आहे."